‘राग येऊ नये’ असा संकल्प करून टॅपिंगला बसते, पण राग काही जात नाही

पत्रातला प्रश्न थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

पत्र लिहिणाऱ्या बाई चाळिशीतल्या आहेत. दोन वर्षं झाली, वडील अंथरुणाला खिळलेत आणि त्यांचं औषधपाणी, अंघोळ, रात्रीचं उठणं सगळं या एकट्या बघतात. मोठी बहीण लांब राहते, दर रविवारी फोन करते आणि त्या फोनवर विचारपूस कमी नि सूचना जास्त असतात. फोन ठेवला की दिवसभर चिडचिड, आणि मग चिडल्याची लाज. चार महिन्यांपूर्वी व्हिडिओ बघून त्यांनी टॅपिंग, म्हणजे त्रासाचं नाव घेत चेहऱ्यावरच्या नि अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बोटांनी हलकेच टिचकावणं, सुरू केलं. बसण्याआधी वहीत संकल्प लिहितात, "मी ताईबद्दलचा सगळा राग सोडून देत आहे, मी शांत आणि प्रेमळ बहीण आहे." टॅपिंग झालं की हलकं वाटतं, पण रविवारी स्क्रीनवर ताईचं नाव दिसलं की छाती परत आवळते. टॅपिंग करणारी एक मैत्रीण म्हणाली, तुझा संकल्प स्पष्ट नाही, मनात शंका आहे, म्हणून फळत नाही. तेव्हापासून त्या वीस-पंचवीस मिनिटं संकल्पाचे शब्दच जुळवत बसतात आणि तेवढ्यात बाबांची हाक आली की टॅपिंग राहूनच जातं. त्यांचा प्रश्न असा की संकल्प कुठे चुकतोय आणि नेमका कसा लिहायचा? आणि एक भीतीपण आहे, "मला राग आहे" असं तोंडाने बोललं तर तो आणखी पक्का नाही ना होणार?

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबले. वहीतल्या त्या वाक्यात राग आहे, शांती आहे, प्रेम आहे, ताईपण आहे, पण बाबांची रात्रीची हाक नाही, तुमची मोडलेली झोप नाही, आणि ताई फोनवर नेमकं काय बोलते तेही नाही. म्हणजे ज्याने छाती आवळते तेच संकल्पाच्या बाहेर राहिलंय, मग टॅपिंग बिचारं करणार तरी कशावर?

मैत्रिणीचं अर्धं बोलणं मला पटतं. स्पष्टता हवी हे खरंय. पण मनात शंका आहे म्हणून फळ मिळत नाही, हे मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांनीही कुणी असं सांगितलं तर ते मनाला लावून घेऊ नका. असं म्हटलं की पद्धत कधीच चुकत नाही, चुकतो तो दरवेळी बसणारा माणूस. तुमच्यावर आधीच कमी ओझं आहे का, त्यात ‘माझा संकल्पच धड नाही’ हे आणखी एक कशाला?

आता संकल्प. आपण हा शब्द वापरतो आणि तिथेच थोडी गडबड होते असं मला वाटतं, कारण संकल्प म्हटलं की काहीतरी मोठं, पवित्र, एकदा केलं की मोडायचं नाही असं डोक्यात येतं. टॅपिंगच्या आधी जे ठरवायचं असतं ते इतकं जड नसतं हो. त्याला मी नुसतं ‘आजचा विषय’ म्हणते. आज कुठल्या गोष्टीसोबत बसायचं आणि किती वेळ, एवढंच. शेवटी मनाचं काय होईल हे त्यात लिहायचंच नाही. तुमच्या वाक्यात बघा, "सोडून देत आहे", "शांत आहे", "प्रेमळ आहे", हा सगळा निकाल झाला, बसायच्या आधीच लागलेला. आणि निकाल आधी लिहून ठेवला की टॅपिंग करताना माणूस सारखा आतून तपासत राहतो, झाले का मी शांत, गेला का राग, अजून नाही गेला, म्हणजे चुकतंय. अशाने कोण शांत होईल!

ही पद्धत मुळात कशी आहे ते सांगते, म्हणजे माझं म्हणणं कळेल. ईएफटी (इमोशनल फ्रीडम टेक्निक्स) नावाने जे टॅपिंग आपण करतो ते गॅरी क्रेग यांनी 1990च्या दशकात मांडलं. ते शिक्षणाने इंजिनिअर. त्याआधी रॉजर कॅलहन या मानसशास्त्रज्ञांची एक पद्धत होती, त्यात वेगवेगळ्या त्रासाला बिंदूंचा वेगवेगळा क्रम असायचा, क्रेग यांनी ते सोपं करून सगळ्याला एकच क्रम ठेवला. आणि सुरुवातीला तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर टिचकावत तीनदा म्हणायचं एक वाक्य दिलं, जे मराठीत साधारण असं होतं: "जरी मला हा अमुक त्रास होत असला, तरी मी स्वतःला मनापासून आणि पूर्णपणे स्वीकारते."

या ‘जरी’ आणि ‘तरी’कडे नीट बघा. पाऊस असला तरी मी जाणार, असं आपण म्हणतो तेव्हा पाऊस थांबलेला नसतो, पाऊसही असतो आणि जाणंही असतं. तसंच हे वाक्य आहे, त्यात त्रासाला पूर्ण जागा आहे. तुम्ही वहीत जे लिहिताय त्यात ‘जरी’च उडालंय, सरळ ‘तरी’च्या पुढून सुरुवात. म्हणून ते गोड लागतं आणि लगेच विरतं.

तुमच्या भीतीचं उत्तरपण याच्यातच आहे. ‘शुभ बोल रे नाऱ्या’ ऐकतच आपण मोठे झालो, त्यामुळे वाईट उच्चारायलाच जीभ अडखळते, मला अगदी समजतं ते. पण राग काही तुम्ही नाव घेतल्यामुळे येणार नाहीये, तो दोन वर्षं झाली येऊन बसलाय. उलट भावनेला शब्द दिला की तिचा जोर जरा कमी होतो, असं मेंदूच्या अभ्यासातही दिसलंय. 2007 साली मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना भावना असलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि त्या भावनेला लोकांनी शब्दात नाव दिलं तेव्हा मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग, जो धोका वाटला की जागा होतो, तो कमी पेटलेला दिसला. तेव्हा "मला राग आलाय" हे बिनधास्त मोठ्याने म्हणा. बाबांच्या खोलीपर्यंत आवाज जाईल अशी धास्ती असेल तर पुटपुटा, पण गिळू नका.

आता विषय केवढा घ्यायचा. इथे बहुतेक लोक अडकतात, मीपण खूप दिवस अडकले होते. ‘ताईबद्दलचा सगळा राग’ हा विषय नाहीच, ते अख्खं गोदाम आहे. क्रेग याला टेबलाचा दाखला देतात. मोठी समस्या म्हणजे टेबलाचा वरचा भाग, आणि एकेक प्रसंग म्हणजे त्याचे पाय, वर कितीही टिचकावलं तरी टेबल जागचं हलत नाही, पाय एकेक करून काढायचे. म्हणून संकल्प लिहायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: शेवटचं कुठलं वाक्य टोचलं?

तुम्ही पत्रात खाली, जवळजवळ जाता जाता लिहिलंय, की तीन रविवारांपूर्वी ताई म्हणाली, "तुला काय गं, तू तर घरातच असतेस." अहो हाच विषय आहे! चार महिने तुम्ही जो शोधताय तो तुमच्याच पत्रात तळाशी पडलाय. हे सात शब्द घ्या आणि बसा. प्रेमळ बहीण वगैरे आज बाजूला राहू दे.

म्हणजे कसं, ते मी माझ्या डोळ्यांसमोर आणून बघितलं. तुम्ही फोन हातात धरलाय, स्पीकर चालू आहे कारण दुसऱ्या हातात बाबांचं औषध आहे, आणि ती हे बोलते. तुम्ही "हो गं" म्हणता. ते "हो गं" म्हणताना काय होतं अंगात? कदाचित जबडा घट्ट होतो, कदाचित घशात काहीतरी येऊन थांबतं. तिथे एक बोट ठेवा खरंच. मग आकडा द्या, शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, समजा आठ. आणि मग वाक्य: "जरी ताई ‘तू तर घरातच असतेस’ म्हणाली तेव्हा माझ्या घशात आवंढा अडकला, तरी मी आत्ता स्वतःच्या बाजूने बसलेय." झालं, हाच संकल्प. लिहायला दोन मिनिटं पुरतात. आणि यापेक्षा जास्त वेळ लागायला लागला की समजा आपण परत निकाल लिहायला लागलोय, पेन खाली ठेवा.

‘स्वतःला पूर्णपणे स्वीकारते’ हे मी मुद्दाम बदललं. ज्यांना ते म्हणताना खोटं वाटतं, आणि अशा खूप जणी असतात, त्यांनी ते जबरदस्तीने म्हणू नये. "तरी मी आत्ता इथे आहे", "तरी मी हे ऐकून घ्यायला तयार आहे", असं जेवढं तोंडातून खरं निघतं तेवढंच घ्यावं. रोज स्वतःशी खोटं बोलायची प्रॅक्टिस कशाला करायची?

मग नेहमीचे बिंदू, भुवईचं नाकाकडचं टोक, डोळ्याच्या बाजूचं हाड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटीच्या खाचेत, गळ्याजवळच्या हाडाखाली, काखेखाली, टाळूवर, प्रत्येक ठिकाणी सात-आठ वेळा हलकेच, आणि तोंडाने नुसतं "तू तर घरातच असतेस... घशातला आवंढा... तू तर घरातच असतेस". दोन फेऱ्या झाल्या की थांबून श्वास घ्या, परत आकडा बघा. आठाचा पाच झाला तर उत्तम, शून्य करायच्या मागे लागू नका. हा आकड्याचा प्रकार टॅपिंगवाल्यांचा स्वतःचा नाहीये बरं का, जोसेफ वोल्पे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी भीतीवरच्या उपचारात तो आणला, त्यांचं माप शून्य ते शंभर होतं. उपयोग इतकाच की ‘बरं वाटतंय’ या मोघम बोलण्याऐवजी आपल्याला काहीतरी धरता येतं.

कधी कधी आकडा वाढतो आणि लोक घाबरतात. असं होतं कारण वरची एक गोष्ट सरकली की खालची दिसते. रागावर बसलात आणि अचानक रडू आलं, आणि लक्षात आलं की हे ताईबद्दल नाहीच, बाबा आता बरे होणार नाहीत याचं आहे, तर तो वेगळा विषय झाला. त्याच दमात त्याच्यावर जायलाच हवं असं नाही. वहीत एक ओळ लिहा, "बाबा, उद्या", आणि तोंड धुऊन या.

माझं एक सांगते. काही वर्षांपूर्वी मी रोज सकाळी "आजचा दिवस शांततेत घालवायचा" असा संकल्प करून टॅपिंगला बसायचे, महिनोन्महिने, आणि दुपारपर्यंत कुणावर तरी ओरडलेली असायचे. एक दिवस शब्दच सुचेनात म्हणून वहीत नुसतं लिहिलं, "दार आपटल्याचा आवाज". आदल्या रात्री घरात भांडण झालं होतं आणि कुणीतरी दार आपटून गेलं होतं, तेवढंच. त्या एका आवाजावर मी जेमतेम दहा मिनिटं टिचकावलं असेल, पण खांदे असे खाली आले की ते इतके दिवस कानाला लागले होते हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून माझ्या वहीत मोठी वाक्यं नाहीत. ‘पायऱ्यांवरचा तो प्रसंग’, ‘त्याचा मेसेज, दुसरी ओळ’, असंच काहीबाही असतं, दुसऱ्याने वाचलं तर काही कळणार नाही.

बिंदू चुकले तर, क्रम चुकला तर, याचीही काळजी खूप जणांना असते म्हणून एक गोष्ट. 2003 साली वेट आणि होल्डर या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांनी ईएफटीच्या बिंदूंवर टॅप केलं, काही जणांनी हातावर भलत्याच जागी, आणि काही जणांनी चक्क एका बाहुलीवर. तिन्ही गटांची भीती कमी झाली, ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांची झाली नाही. बिंदूंमधून ऊर्जा वाहते वगैरे जे सांगतात त्यावर म्हणूनच माझा फारसा विश्वास नाही, आणि तरीही मी टॅपिंग सोडलेलं नाही, कारण त्रासाचं नाव घेऊन त्याच्यासोबत थोडा वेळ बसायचं, आणि हाताला एक लय द्यायची म्हणजे पळून जावंसं वाटत नाही, एवढं तरी त्यातून नक्की होतं. आणि ते खरं असेल तर विषय काय निवडलात याला बिंदूंपेक्षा जास्त किंमत आहे.

आता ज्या गोष्टीवर मला तुमच्याशी जरा वाद घालायचाय ती. तुम्ही धरून चाललात की राग येणं हीच अडचण आहे आणि तो गेला की सगळं ठीक. मला तसं वाटत नाही. दोन वर्षं एकटीने रात्री उठायचं, आणि वर ‘तू तर घरातच असतेस’ ऐकायचं, याचा राग येणार नाही तर काय होईल? हा राग तुम्हाला काहीतरी सांगतोय, की कामाची वाटणी झालेली नाही आणि याबद्दल कुणी बोललेलंही नाही. टॅपिंग करून करून तुम्ही तो दर आठवड्याला खाली बसवता, रविवारी परत तेच घडतं, कारण बाहेर काहीच बदललेलं नाही, मग छाती आवळणारच ना, ती तुमच्या बाजूने इमानदारीत काम करतेय. टॅपिंग गप्प बसण्यासाठी वापरायला लागलो तर ते चुकलंच, संकल्प कितीही सुंदर असला तरी.

म्हणून हेतू बदलून बघा असं मी म्हणेन. ‘मला राग येऊ नये’ याऐवजी ‘मला ताईशी आवाज न चढवता एक गोष्ट बोलता यावी’. म्हणजे टॅपिंगमधून घशातला आवंढा जरा सैल करायचा, कशासाठी, तर त्याच घशातून शब्द निघावेत म्हणून. आणि ते शब्द आधी ठरवून ठेवायचे. पीटर गोलवित्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं असं की नुसतं ‘मी असं करणार’ ठरवण्यापेक्षा ‘जर अमुक झालं, तर मी तमुक करेन’ असं ठरवलं तर ते हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. तेव्हा: जर ताई सूचना द्यायला लागली, तर मी म्हणेन, "ताई, सूचना नंतर, आधी सांग, पुढच्या महिन्यात तू चार दिवस कधी येतेस?" हे वाक्य तुमच्या भाषेत फिरवून घ्या, बहिणी-बहिणींचं बोलणं बाहेरच्याला काय कळणार. येणं तिला खरंच शक्य नसेल तर रात्रीच्या माणसाचा खर्च तिने उचलावा, हेही बोलता येतं. ती नाहीही म्हणेल. पण मग निदान तुम्हाला ‘नाही’ कशाला मिळालं ते स्पष्ट माहिती असेल, आणि त्याच्यावर बसायला तुमच्याकडे वही आहेच.

हे बोलायची ताकद आत्ता नसेल तर तेही ठीक आहे, खरंच. मग सध्या फक्त फोननंतर टॅपिंग करा, आधी नको. आधी केलं की आपण स्वतःला परीक्षेसाठी तयार करतोय असं होतं आणि फोन म्हणजे पेपर. नंतर केलं की जे झालं ते ताजं असतं, वाक्य शोधत बसावं लागत नाही. बाबांची हाक येईल म्हणून मोबाईलवर दहा मिनिटांचा टायमर लावा, आणि हाक आलीच तर मध्येच उठा, अर्धवट राहिलं म्हणून काही बिघडत नाही.

दोन गोष्टी सगळ्यांसाठीच. लहानपणी झालेला अत्याचार, मारहाण, अपघात, असलं काही आठवायला लागलं, किंवा टॅपिंग करताना आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं, सुन्न वाटलं, तर डोळे उघडा, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्या आणि तो विषय एकटीने परत काढू नका, त्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक हवा. आणि डिप्रेशनची किंवा कसलीही गोळी चालू असेल तर टॅपिंगने बरं वाटतंय म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नाही. तुम्ही लिहिलंय की बाबा झोपले असले तरी तुम्हाला झोप लागत नाही. हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा, बाबांच्या तपासणीला जाताच तर तेव्हा स्वतःचंही नाव घाला. आणि जगणंच नको असं मनात आलं, एकदाही, तर त्या दिवशी वही-टॅपिंग काही नको, जवळच्या माणसाला सांगायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

या रविवारी फोन येईल. तो झाला की वहीचं नवं पान घ्या, जुना संकल्प आहे तिथेच राहू दे, आणि ताईचं सगळ्यात टोचलेलं वाक्य जसंच्या तसं, तिच्याच शब्दांत लिहा. शेजारी आकडा. मग दहा मिनिटं. आणि मला परत लिहा, आकडा किती झाला ते नाही सांगितलंत तरी चालेल, पण ते चार दिवसांचं तुम्ही विचारलंत का आणि ताई काय म्हणाली, ते मात्र नक्की कळवा.